गस्टाडची माती आणि गाय

विंबल्डनचा सोहळा आटोपला, म्हणजे आमच्या परिचयातील टेनिसची आवड असणारी बहुतेक मंडळी दूरचित्रवाणीचा संच बंद करून आपापल्या उद्योगास लागतात. पुढे ऑगस्टात अमेरिकेतील सामने सुरू होईपर्यंत या खेळात पाहण्यासारखे काही उरत नाही, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत आम्हीही पुष्कळ वर्षे बाळगली होती. परंतु सेवानिवृत्तीनंतर वेळेची थोडी श्रीमंती हाती आली, आणि पुण्यास चिरंजीवांकडे राहत असता नातवाच्या संगतीने आम्हांस एका आडबाजूच्या स्पर्धेचा छंद जडला. ती स्पर्धा स्वित्झर्लंडातील गस्टाड या डोंगरी गावी, तांबड्या मातीवर, दर वर्षी जुलै महिन्यात भरते. पुरुष व्यावसायिकांची ती स्पर्धा आहे. तिचा दर्जा म्हणाल तर जागतिक संघटनेच्या मुख्य मालिकेतील सर्वांत खालच्या पायरीचा. तेथील विजेत्यास अडीचशे गुण मिळतात, आणि विंबल्डनच्या विजेत्यास दोन हजार. एवढ्यावरून वाचकांनी काय तो अंदाज करावा.

या स्पर्धेकडे आमचे लक्ष वेधण्यास एक निराळेच कारण घडले. असलीच अडीचशे गुणांची एक स्पर्धा आमच्या पुण्यातही भरत असे, हे वाचकांपैकी कित्येकांच्या स्मरणात असेल. चेन्नई येथे १९९७ पासून २०१७ पर्यंत जी स्पर्धा होत असे, तीच २०१८ साली महाराष्ट्राच्या नावाने बालेवाडीस आली. २०१८, २०१९, २०२०, २०२२ आणि २०२३ अशी पाच वर्षे ती तेथे झाली. २०२१ चे वर्ष साथीने खाल्ले. शेवटच्या वर्षी, म्हणजे २०२३ च्या जानेवारीत, नातवाने हट्ट धरला म्हणून आम्हीही तेथे जाऊन बसलो होतो. त्या वर्षी टॅलन ग्रीकस्पूर या डच खेळाडूने स्पर्धा जिंकली. संध्याकाळी थंडी पडली होती; सूनबाईंनी बरोबर दिलेली कानटोपी आम्ही घातली, त्याबद्दल नातवाने आमची थट्टाही केली. निघताना तो म्हणाला, “आजोबा, पुढच्या वर्षी आपण पुढच्या रांगेत बसू.” पुढच्या वर्षी तो जानेवारीचा आठवडा हाँगकाँगला गेला, आणि बालेवाडीतील त्या बाकांवर पुन्हा बसण्याचा योग आजवर आलेला नाही.

मुलाचे मन खट्टू झाले हे तर खरेच. पण आमच्या मनात जो प्रश्न उभा राहिला, तो त्याहून चिवट निघाला. लाखो वस्तीच्या, संपन्न आणि क्रीडाप्रिय म्हणविणाऱ्या शहरास जी स्पर्धा पाच खेपांपलीकडे टिकविता आली नाही, तसलीच स्पर्धा काही हजार वस्तीच्या एका खेड्याने कशी टिकविली असेल? गस्टाडविषयी आम्ही जे वाचले आणि पाहिले, ते या प्रश्नाच्या ओढीने. उत्तर पुरतेपणी सापडले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु जे सापडले ते वाचकांपुढे ठेवण्याजोगे आहे असे वाटते.

गस्टाड हे गाव बर्न प्रांतात, आल्प्सच्या एका हिरव्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १०५० मीटर उंचीवर वसले आहे. आपले महाबळेश्वर साडेतेराशे मीटरांच्या आसपास आहे. तेव्हा उंचीच्या बाबतीत गस्टाड हे महाबळेश्वराचे धाकटे भावंडच म्हणावयाचे. मूळचे हे गुराख्यांचे गाव. १८९८ साली लागलेल्या आगीत त्याचा मोठा भाग जळून गेला. पुढे १९०४ साली माँत्रोकडून डोंगर चढत आगगाडी आली, आणि तिच्यामागून हवा खाण्यास येणारे श्रीमंत पाहुणे आले. १९१३ साली टेकडीवर ‘पॅलेस’ नावाचे, किल्ल्यासारखे बुरूज असलेले हॉटेल उघडले, आणि १९१५ साली, चोहोंकडे महायुद्ध पेटलेले असता, तटस्थ देशातील या हॉटेलाच्या आवारात टेनिसची पहिली स्पर्धा खेळली गेली. आज जी स्पर्धा आम्ही पडद्यावर पाहतो, तिची गंगोत्री ती हीच.

या गावाशी पुण्याचे एक जुने नाते आहे, ते येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रख्यात व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन यांचे गस्टाड येथे वास्तव्य असे. १९५७ साली त्यांनी तेथे जो संगीतोत्सव सुरू केला, तो आजही त्यांच्या नावाने चालतो. हे मेनुहिन १९५२ साली मुंबईस आले असता त्यांची पुण्याच्या योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी गाठ पडली, आणि १९५४ साली त्यांनी अय्यंगारांना गस्टाड येथे बोलावून घेतले. अय्यंगारांची योगविद्या युरोपात प्रथम पोहोचली ती या वाटेने. पुण्याची विद्या त्या डोंगरात नेऊन रुजविणारे गाव आम्हांस अगदीच परके वाटत नाही, याचे कारण हे.

आता खेळाकडे वळू. ‘मातीचे कोर्ट’ असे आपण म्हणतो खरे. परंतु युरोपातील त्या तांबड्या कोर्टांत माती शोधू गेल्यास निराशा व्हावयाची. वरचा तो तांबडा थर म्हणजे विटांची बारीक दळलेली भुकटी. जुन्या वाड्यांच्या बांधकामात चुन्यात जी सुरखी मिसळीत, तीच. तिचा थर असतो जेमतेम एक-दोन मिलिमीटरांचा; खाली चुनखडीच्या चुऱ्याचा, आणि त्याखाली पाणी निथळून जावे म्हणून खडीचा थर असतो. दक्षिण फ्रान्समधील कान शहरी १८८० च्या सुमारास रेन्शॉ बंधूंनी उन्हाने करपणाऱ्या हिरवळीवर फुटक्या मडक्यांची पूड पसरली, आणि त्यातून ही पद्धत निघाली, असे सांगतात.

आमच्या लहानपणी तालुक्याच्या गावी अधिकाऱ्यांच्या क्लबामागे एक कोर्ट होते. मुरुमावर माती घालून ते रोलरने दाबीत, आणि वरून अंगणासारखे शेणाने सारवीत. दुपारी चारच्या सुमारास शिपाई झारीने पाणी मारी, फक्कीने रेघा ओढी, आणि मग पांढऱ्या विजारी घातलेले मामलेदार, डॉक्टर आणि मुन्सफ खेळावयास उतरत. आम्ही पोरे कुंपणाबाहेरून चेंडू आणून देण्यासाठी टपून असू. त्या कोर्टाची जागा पुढे एका इमारतीखाली गेली. सांगण्याचे कारण इतकेच, की मातीवर चेंडू टप्पा घेतो तेव्हा त्याचा वेग कसा खाल्ला जातो आणि तो कसा सावकाश उंच उठतो, हे आमच्या डोळ्यांना बालपणापासून परिचित आहे. हिरवळीवर चेंडू सरपटत पुढे जातो, मातीवर तो जणू विचार करून मगच निघतो. म्हणूनच हिरवळ ही जोरकस सर्व्हिस करणाऱ्यांची, आणि माती ही चिकाटीने परतफेड करीत राहणाऱ्यांची, असा सामान्य नियम आहे.

गस्टाडची गंमत अशी, की तेथे भूमी एक सांगते आणि हवा दुसरेच सांगते. हजार मीटर उंचीवर हवा समुद्रकाठच्या मानाने सुमारे दहाव्या हिश्शाने विरळ असते. उडत्या चेंडूस अडविणारी ती हवाच. ती विरळ झाली म्हणजे चेंडूचा वेग कमी घटतो आणि तो लांब जातो. शिवाय चेंडूस वरून खाली फिरकी देऊन तो रेषेच्या आत उतरविण्याची जी आजची पद्धत आहे, तिचा आधारही हवाच. फिरणाऱ्या चेंडूस खाली ओढणारा जोर हवेच्या दाटपणावर अवलंबून असतो. हवा पातळ, तर तो जोरही पातळ. तेव्हा समुद्रकाठी जो फटका वीतभर आत पडला असता, तोच येथे रेषेबाहेर जातो, आणि खेळाडू कपाळास हात लावतो.

तिसरी गोष्ट टप्प्याची. टेनिसच्या चेंडूत दाबलेला वायू भरलेला असतो. पुण्याहून महाबळेश्वरास जाताना पसरणीचा घाट चढू लागलो, की पिशवीतील वेफर्सचे बंद पाकीट फुगून टुमटुमीत होते, हे आमच्या भगिनीवर्गाने पाहिलेच असेल. बाहेरचा दाब उतरला, आतला तेवढाच राहिला, म्हणून ते फुगते. चेंडूचेही तसेच, डोंगरावर तो अधिक ताठर होतो आणि अधिक उसळतो. यावर उपाय म्हणून अति उंचावरील खेळासाठी निराळ्या बनावटीचे चेंडू असतात. पण आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाप्रमाणे ते १२१९ मीटरांच्या वर वापरावयाचे. गस्टाड त्या मर्यादेच्या खाली! म्हणजे अडचण डोंगराची आणि चेंडू मैदानातला. खेळाडू मग रॅकेटची तात एरवीपेक्षा अधिक ताणून घेतात, म्हणजे चेंडू रॅकेटवरून कमी उसळून सुटतो, आणि दोन-चार दिवस सराव करून हाताची मोजमापे नव्याने बसवितात. ज्यास तेवढे दिवस मिळाले नाहीत, त्याचे हाल होतात.

परिणामी येथे कोण जिंकेल याचा नियम बांधणे कठीण. फेलिसियानो लोपेझ हा स्पेनचा डावखुरा खेळाडू सर्व्हिसच्या जोरावर खेळणारा, हिरवळीत रमणारा. मातीवरचे विजेतेपद त्यास कधी मिळाले नव्हते. ते २०१६ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, गस्टाड येथे मिळाले. इटलीचा मात्तेओ बेरेत्तिनी, ज्याची सर्व्हिस तोफेसारखी, त्याने आपले पहिले विजेतेपद २०१८ साली येथेच मिळविले, आणि दुखण्यांतून उठून २०२४ साली पुन्हा येथेच तो जिंकला. कझाकस्तानचा अलेक्झांडर बुब्लिक तर मातीविषयी आपली नावड उघड बोलून दाखविणारा. त्याचेही मातीवरील पहिले विजेतेपद २०२५ चे, आणि तेही गस्टाडचेच. हवा सर्व्हिसवाल्यांचा पक्ष घेते असा निष्कर्ष यावरून कोणी काढू जाईल, तर नॉर्वेचा कॅस्पर रूड, जो अस्सल मातीचाच खेळाडू, तो २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकून गेला आहे. स्पेनच्या सर्जी ब्रुगेराने तर १९९२ पासून ओळीने तीन वर्षे हे विजेतेपद आपल्या घरी नेले होते. आणि या सर्वांच्या आधीचे, ऑस्ट्रेलियाचे रॉय इमर्सन! ते पाच वेळा जिंकले. मुख्य कोर्टास आज त्यांचेच नाव आहे. आपल्या लोकांनीही येथे यश मिळविले आहे. लिएंडर पेस याने डेव्हिड रिकल या चेक जोडीदारासह २००३ साली आणि पुन्हा २००४ साली येथे दुहेरी जिंकली, आणि २०२४ साली युकी भांबरी याने फ्रान्सच्या आल्बानो ओलिवेत्तीसह तोच मान मिळविला.

परंतु गस्टाडची खरी कथा आहे ती त्यांच्या घरच्याच मुलाची.

१९९८ च्या जुलै महिन्यात बाझल शहरचा एक मुलगा विंबल्डनची कुमार गटाची स्पर्धा जिंकून आला. त्याचे सतरावे वर्ष पुरे होण्यास अजून महिना होता. गस्टाडच्या आयोजकांनी त्यास ‘वाइल्ड कार्ड’ दिले. म्हणजे क्रमवारीच्या बळावर ज्यास दाराबाहेर थांबावे लागले असते, त्यास आपल्या अधिकारात आत घेतले. व्यावसायिकांच्या मुख्य मालिकेतील त्या मुलाचा हा पहिला सामना. समोर अर्जेंटिनाचा लुकास आर्नोल्ड कर, मातीवर वाढलेला. लंडनच्या हिरवळीवरून दोन-तीन दिवसांपूर्वी उठलेला हा पोरगा डोंगरावरच्या विरळ हवेत त्याच्याशी ६-४, ६-४ असा हरला. त्या मुलाचे नाव रॉजर फेडरर. आम्ही चाळीसच्या आसपास वर्षे मुलांना शिकविले. पहिल्या परीक्षेत नापास झालेल्या कित्येकांचे चेहरे आमच्या डोळ्यांपुढे आहेत. पण ज्यांनी परीक्षेस बसू दिले, त्यांच्याकडे पुन्हा वळून येणारे विद्यार्थी फार थोडे.

पाच वर्षांनंतर, २००३ च्या ६ जुलैला, फेडररने विंबल्डनचे थोरले विजेतेपद जिंकले. त्याच्या आयुष्यातील ते पहिले. जगभरचे निमंत्रक दाराशी आलेले, शरीर थकलेले, पुढील आठवड्यात दुसऱ्या जातीच्या भूमीवर, हजार मीटर उंच जाऊन, अत्यल्प गुणांसाठी खेळण्यात व्यवहारदृष्ट्या यत्किंचितही शहाणपण नव्हते. तरी तो गस्टाडला आला. गावाने काय करावे? कोर्टाच्या मधोमध एक दुभती गाय आणून उभी केली. तिचे नाव जूलिएट, वजन सुमारे आठशे किलो. विंबल्डन जिंकलेल्या आपल्या मुलास गावाने ती भेट म्हणून दिली. वृत्तपत्रांनी या प्रसंगाची हसत हसत छायाचित्रे छापली.

आम्हांस मात्र हसू आले नाही. ज्या खोऱ्यात माणसांइतक्याच गाई आहेत असे तेथील लोक अभिमानाने सांगतात, त्याने गाय द्यावी यात विनोद कसला? जवळचे उत्तम ते दिले. संस्कृत शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसास तर येथे दोन गोष्टी आठवल्यावाचून राहत नाहीत. जनक राजाच्या यज्ञात ब्रह्मवेत्त्यांच्या स्पर्धेसाठी पारितोषिक ठेवले होते ते शिंगांना सोने बांधलेल्या सहस्र गाईंचे. आणि वाद सुरू होण्यापूर्वीच आपल्या शिष्यास त्या हाकून नेण्यास सांगणारे याज्ञवल्क्य हे बृहदारण्यकाच्या वाचकांस परिचित आहेत. दुसरी गोष्ट संस्कारांतील. सोळाव्या वर्षी होणाऱ्या केशान्त संस्कारास गृह्यसूत्रांत ‘गोदान’ असेच नाव आहे, आणि त्यात शिष्याने आचार्यास गाय द्यावयाची असते. फेडररला गस्टाडने प्रथम कोर्टावर उतरविले ते जवळजवळ त्याच वयात. फक्त येथे गाय दिली ती आचार्यपक्षाने. आमच्या घरी हा विषय निघाला तेव्हा नातवाने विचारले, “पण आजोबा, तो ती गाय विमानातून कशी नेणार?” सूनबाई म्हणाल्या, “तुझे आजोबा याज्ञवल्क्याला हे विचारतील हो!”

गाय मिळाली, स्पर्धा मात्र मिळाली नाही. अंतिम सामना तेव्हा पाच सेटांचा असे. विंबल्डननंतर बरोबर सातव्या दिवशी, १३ जुलैला, चेक खेळाडू यिरी नोव्हाक याने पाचव्या सेटात फेडररचा पराभव केला. हा नोव्हाक २००१ चाही येथील विजेता. त्याला ही हवा ठाऊक होती. पुढील वर्षी, २००४ साली, फेडररने विंबल्डन पुन्हा जिंकले आणि तो पुन्हा डोंगर चढून आला. या खेपेस अंतिम सामन्यात रशियाच्या इगॉर आंद्रेयेव्हला हरवून त्याने विजेतेपद घेतले. स्वदेशाच्या भूमीवरील त्याचे ते पहिलेच विजेतेपद. जन्मगाव बाझल येथे जिंकण्यासाठी त्यास २००६ सालापर्यंत थांबावे लागले.

नंतर नऊ वर्षे तो आला नाही. यात त्याचा दोष आम्ही काढीत नाही. जगज्जेत्याच्या वेळापत्रकात डोंगरावरच्या आठवड्यास जागा कोठून मिळावी? आला तो २०१३ साली, पडत्या काळात. विंबल्डनला दुसऱ्याच फेरीत हरलेला, पाठ धरलेली, हातात मोठ्या डोक्याचे नवे रॅकेट चाचपून पाहत असलेला. गावाने पुन्हा गाय दिली. हिचे नाव देझिरे. पहिल्याच सामन्यात जर्मनीच्या डॅनियल ब्रँड्सने फेडररला ६-३, ६-४ असे हरविले, आणि त्यानंतर तो तेथे खेळला नाही. विजयी मुलास गाय देणे सोपे आहे. दुसरी गाय दिली ती जुन्या ओळखीची होती, आणि आमच्या मते दोहोंत तीच मोलाची.

अर्थात गस्टाडचे सारे सुरळीत चालले आहे असे कोणी समजू नये. टेनिसमध्ये आठवडा ही मालमत्ता आहे. वर्षाचे आठवडे ठरलेले, प्रत्येक आठवड्याचा परवाना कोणाच्या तरी हाती, आणि तो गावोगाव हलविता येतो. दिल्लीचा आठवडा १९९७ साली चेन्नईस गेला, चेन्नईचा पुण्यास, पुण्याचा हाँगकाँगला. यात चोरी कोणाचीच नाही. अलीकडे मोठ्या स्पर्धा एका आठवड्याच्या दोन आठवड्यांच्या होत चालल्या आहेत. मोठे झाड वाढले की खालच्या रोपांचे ऊन जाते. अमेरिकेतील न्यूपोर्टची हिरवळीवरची जुनी स्पर्धा, जी विंबल्डननंतर लगेच भरत असे, ती २०२४ नंतर अडीचशे गुणांच्या मालिकेतून उतरविण्यात आली. गस्टाडने स्वतःही गमावले आहे: २०१६ ते २०१८ अशी तीन वर्षे तेथे स्त्रियांचीही स्पर्धा होती, ती २०१९ साली लोझानला गेली. पुरुषांची राहिली आहे, आणि नामांकित खेळाडू तिकडे पूर्वीइतके फिरकत नाहीत. दुसऱ्याच्या हातातील आठवड्यावर आम्ही पुण्यात निर्धास्त बसलो. गस्टाडचे लोक तसे बसलेले दिसत नाहीत, एवढा फरक आम्हांस जाणवतो. बालेवाडीचे निळे पक्के कोर्ट चेन्नईत, हाँगकाँगात किंवा अन्य कोठेही उमटविता येते. हजार मीटर उंचीवरची ती चकवणारी हवा मात्र उचलून नेता येत नाही. हे पुरेसे कारण आहे काय? न्यूपोर्टलाही त्याची खास हिरवळ होती, हे आम्ही विसरत नाही.

एक बदल मात्र आम्हांस मनापासून टोचला, तो सांगतो. मातीवर चेंडू पडला की खूण उमटते. वाद झाला म्हणजे पंच आपल्या उंच खुर्चीवरून उतरून, जाळीशी वळसा घालून, वाकून ती खूण पाही आणि बोट दाखवी. दोघेही खेळाडू तेथे येऊन पाहत. भूमीच साक्षीदार! २०२५ पासून पुरुषांच्या या मालिकेत सर्वत्र यंत्राचे डोळे निर्णय देतात, मातीवरसुद्धा. यंत्र अधिक अचूक असेल, आम्ही वाद घालीत नाही. परंतु खूण एक सांगते आणि यंत्र दुसरे, असे झाले की खेळाडू त्या खुणेकडे बोट दाखवून हताशपणे उभा राहतो, आणि त्याची साक्ष घेणारे कोणी नसते.

२०२५ च्या जुलैत आम्ही आणि नातवाने बुब्लिकचा अंतिम सामना घरी बसून पाहिला. अर्जेंटिनाचा हुआन मान्युएल सेरुंडोलो तीन सेटांत हरला. त्या बुब्लिकच्या आविर्भावांवर सूनबाईंची मर्जी बसली नाही. आम्हांसही तो थोडा उनाडच वाटला, पण हात सोन्याचा. पुढच्याच आठवड्यात तो ऑस्ट्रियातील किट्सब्यूल या दुसऱ्या डोंगरी गावी गेला, जे ७६२ मीटरांवर, म्हणजे आपल्या माथेरानच्या जवळपास उंचीचे आहे, आणि तेथील मातीवरची स्पर्धाही त्याने जिंकली.

सामना संपल्यावर नातवाने विचारले, “हे गस्टाड नकाशात कुठे आहे?” संगणकावर तो क्षणात पाहू शकला असता, परंतु आम्ही शाळेतून निघताना बरोबर आणलेला जुना नकाशासंग्रह कपाटातून काढला. बर्न सापडले, तळ्याकाठचे माँत्रो सापडले. त्या दोहोंमध्ये डोंगराचा तपकिरी रंग होता, गावाचे नाव नव्हते. नातवाने आमची पेन्सिल घेतली, पडद्यावरच्या नकाशाशी ताडून पाहत त्या तपकिरीत एक टिंब दिले, आणि शेजारी बारीक अक्षरात उंची लिहिली: १०५०. मग पान उलटून भारताच्या नकाशात पुण्याशेजारीही काही लिहू लागला. आम्ही चष्मा पुसून पाहिले तो त्याने ‘५६०’ लिहून पुढे कंसात ‘२०१८–२०२३’ असे घातले होते.